बिडी तुमची, पेज माझी

भाऊजी, आज अकरावा दिवस. परत एकदा तुमच्या नावानं या घरात मासळी बंद आहे.

तुम्ही असतात तर हसला असतात. आवाज न करता, नुसते खांदे हलवून, गळ्यावरचं फडकं उडेल इतकं. तेरा दिवस वरण, भात, भाजी, आणि उद्या परत वरण, भात, भाजी. हे ताटाकडे असे बघतात की मला राग यावा की दया, तेच कळत नाही. डोकं भादरलेलं, रडून डोळे सुजलेले, आणि तरी वरणात बोटं फिरवून काहीतरी शोधत असतात. घरात मासळी बंद ठेवण्याचा अनुभव माझ्याइतका कुणालाच नाही, आणि तो मी कसा मिळवला हे फक्त तुम्हाला ठाऊक होतं.

तुम्ही गेलात तेही तुमच्याच पद्धतीनं. दुपारी जेवून बागेतल्या तळ्याच्या, आपल्या बावखलाच्या काठावर जाऊन बसलात, ते चहाला उठलाच नाहीत. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. महिन्यापूर्वीच मुंबईच्या तपासणीत गळा स्वच्छ आहे म्हणून सांगितलं होतं. कॅन्सरला हरवून माणूस चहाआधी झोपेत गेला, याचं आता कौतुक करायचं की रडायचं. मी दोन्ही करते. सकाळी रडते, दुपारी कौतुक करते.

या वाडीत लग्न होऊन आले तेव्हा तुमचा चेहरा बघायच्या आधी मी तुमचा आवाज ऐकला. केळीच्या बागेत कुठेतरी आत होतात आणि तिथून ह्यांना हाक मारलीत. नुसतं 'ओ'. पण ते 'ओ' नंदाखाल गावच्या रस्त्यापर्यंत गेलं असणार. माझी आई घाबरून म्हणाली, 'तुझे मोठे दीर रागीट दिसतात.' मला महिनाभरानं कळलं की तुम्ही जेवायला चला हेसुद्धा तसंच सांगता. आक्का, माझ्या जाऊबाई, गेल्या, तुम्हाला मूलबाळ नव्हतं, तुमचं ताट आमच्याकडेच आलं, आणि त्या ताटाची धनीण मी झाले. तेव्हा मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

बिडी मात्र माझ्या हातात नव्हती. पाट काढताना बिडी, केळीच्या खोडाची सोपं सोलताना बिडी, घड उतरवून झाला की बिडी. मी बडबडायचे, तुम्ही दुसऱ्या बाजूला तोंड करून धूर सोडायचात. आवाज बसला तेव्हा सगळ्यांनी ज्येष्ठमधापासून काढ्यापर्यंत सगळं केलं. मग निदान झालं, बिडी त्या दिवशी सुटली ती सुटलीच, आणि तुम्ही मुंबईला जाऊन किरणांचा शेक घेतलात. मान काळी पडली, तोंड सुकलं. वर्षभर आम्हाला वाटलं सुटलो. मग आवाज परत चिरका झाला.

तो दवाखान्यातला दिवस मला पाठ आहे. सर्जनबाई वयानं माझ्या मुलीएवढ्या. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल, श्वासाला मानेत कायमचं भोक ठेवावं लागेल, आणि आवाज जाईल, हे त्यांनी तुमच्याकडे बघून सांगितलं, आमच्याकडे बघून नाही. मग म्हणाल्या, 'मला खरी भीती ऑपरेशनची नाही, नंतर जखम भरण्याची आहे.' आणि एकेक बोट मोडत गेल्या. शेक घेतलेला गळा, तिथे रक्त नीट पोचत नाही, टाके उशिरा धरतात. इतक्या वर्षांची बिडी. रक्त कमी. शेकानंतर थायरॉईड उतरलंय, त्याची गोळी आजपासून सुरू. साखर नाही, एवढंच बरं. शेवटची करंगळी धरून त्या थांबल्या.

'मागे झालं ते मला बदलता येत नाही,' त्या म्हणाल्या. 'हे एक तुमच्या हातात आहे. वजन उतरू देऊ नका. अंडी, मासळी, डाळ, दूध, जे गिळवेल ते. अंगात ताकद नसली तर आतला टाका सुटतो, आणि गिळलेलं मानेतून बाहेर यायला लागतं.'

ह्यांनी लगेच माझ्याकडे बोट दाखवलं. 'ही अंगणवाडीत होती. तीस वर्षं.'

'मग यांना काय सांगायचं,' बाई हसून म्हणाल्या.

काय सांगायचं. तीस वर्षं मी पोरांना वजनकाट्यात बसवलं, तक्त्यावर ठिपके मांडले, ठिपका खाली गेला की त्या घरी जाऊन भांडले. गरोदर सुनेला उपास करायला लावणाऱ्या सासवांना मी चार बायकांत बोलले आहे. एकीला म्हटलं होतं, देव तुमच्याकडून फुलं मागतो, सुनेचं रक्त मागत नाही. माझी जीभ तुम्हाला माहीत आहे. आणि हीच मी दुसऱ्या दिवशी सकाळी विरारच्या डोंगराच्या पायऱ्या चढले आणि देवीआईपुढे पदर पसरला. म्हटलं, भाऊजींचा आवाज घेऊ नकोस. ऑपरेशन होईपर्यंत, सव्वा महिना, माझ्या चुलीवर मासळी चढणार नाही.

माझ्या चुलीवर, असं म्हटलं मी. मोठा त्याग केल्यासारखी छाती भरून आली होती. उतरताना पाय दुखत होते तेही बरं वाटत होतं. चूल माझी असली तरी पोट तुमचं आहे, हे तेवढ्या पायऱ्यांत एकदाही डोक्यात आलं नाही.

तुमच्या गळ्यातून तेव्हा उतरत होतं ते फक्त ओल्या बोंबलाचं पातळ कालवण आणि त्यात कालवलेला मऊ भात. अंड्याचा तुम्हाला पहिल्यापासून तिटकारा, डाळ टोचायची. 'बोंबील एकटाच गळ्याला विचारत नाही, सरळ जातो,' असं तुम्हीच त्या घोगऱ्या आवाजात म्हणाला होतात. हे मला माहीत होतं, भाऊजी. माहीत नव्हतं असं म्हणायला मला जागाच नाही. पण नवस बोलून बसले होते, आणि बोललेला नवस मोडला तर देवी तुमच्यावरच काढेल असं मन घेऊन बसले. बोललेला नवस चारचौघांत सांगायचाही नसतो. म्हणून पाचूबंदरहून टेम्पोनं येणारी आपली गोमती कोळीण पाटी घेऊन दारात आली, तेव्हा मी तिला उंबऱ्यातूनच परत पाठवलं.

'काय गो बाय, मासलीवर रुसलीस?' ती म्हणाली.

'भाऊजींना वास सोसत नाही आता,' मी म्हटलं.

तुम्ही ओटीवर सोपाचे दोर वळत बसला होतात. मान वर केलीत, माझ्याकडे बघितलंत, मग आत देव्हाऱ्याकडे. तिथे मी लाल फडक्यात बांधलेला नारळ ठेवला होता. मग परत दोर वळायला लागलात. त्या एका नजरेत तुम्हाला सगळं कळलं होतं. मला मात्र वाटलं, खपलं.

सव्वा महिना मी तुम्हाला पेज दिली. पेज, लापशी, दूध, परत पेज. तुमच्या मनगटावरचं घड्याळ हळूहळू कोपराकडे सरकायला लागलं. सदऱ्याची कॉलर मानेपासून सुटून उभी राहिली. घरात काटा होता. तुम्हाला एकदाही त्यावर उभं केलं नाही, कारण काटा काय म्हणेल हे मला ठाऊक होतं. हे विचारायचे, 'दादा, काहीतरी खा रे.' तुम्ही ताटातलं होतं तेवढं संपवायचात आणि वाटी उपडी करून दाखवायचात. एकदाही तुम्ही बोंबील मागितला नाहीत.

ऑपरेशन झालं. आवाज गेला. म्हणजे देवीनं माझं ऐकलं नाही, आणि मी डॉक्टरांचं. दहाव्या दिवशी मान लाल झाली, पट्टी ओली यायला लागली. सर्जनबाईंनी कापूस धरून जरासं दाबलं आणि टाक्यांच्या मधून लाळ आली. ज्याची त्यांना भीती होती तेच झालं होतं, घशातून मानेच्या कातडीपर्यंत वाट पडली होती. तोंडानं पाण्याचा थेंबही बंद. रोज पट्टी. बंद झालं नाही तर छातीचं मांस काढून भोक बुजवायला लागेल, हेही त्यांनी सांगितलं. मग त्यांनी तुमचा वजनाचा कागद काढला.

'इतकं कसं उतरलं?' त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं. 'मी सांगितलं होतं.'

मी तोंड उघडणार होते की नव्हते, देवाशपथ मला आजही सांगता येत नाही. तेवढ्यात तुम्ही पाटी ओढलीत. माझीच ती अंगणवाडीतली दगडी पाटी, लाकडी चौकटीची. नाकात नळी, मानेत भोक, तरी सावकाश तीन ओळी लिहिल्यात आणि बाईंच्या पुढे धरलीत.

मासळीचा वास सोसेना. मीच सोडली. ही रोज पुढ्यात ठेवायची.

पहिली ओळ माझीच होती. गोमतीला फेकलेली थाप तुम्ही उचललीत, पुसून स्वच्छ केलीत आणि आपल्या नावावर लावलीत. तिसरी ओळ तर तुम्ही पदरची घातलीत. मला वाचवायला पहिल्या दोन पुरल्या असत्या. पण तुम्ही मला नुसतं वाचवलं नाहीत, चांगली ठरवलंत. माणूस इतका मोठा कसा असतो, भाऊजी? तेही उताणा पडलेला असताना, गळ्यातून लाळ गळत असताना?

बाई तुमच्यावर चिडल्या. मग ह्यांची पाळी. 'दादा, हट्ट कशात करायचा याला काही मर्यादा असते.' तुम्ही दोघांचंही ऐकून घेतलंत, मान हलवून. आणि सदऱ्याच्या बाहीनं पाटी पुसून टाकलीत. नंतर हीच गोष्ट गावभर झाली. हरीदादा हट्टी, वासाचं निमित्त करून खाणं सोडलं आणि जखम चिघळवून घेतली. आगाशीच्या बाजारात बायका मला म्हणायच्या, 'तुमचं मात्र करावं तेवढं थोडं. असल्या हट्टी माणसाचं कोण करतं.' मी खाली बघून भाजी निवडायचे.

दोन महिने पट्ट्या झाल्या. नवसाची मुदत संपलेली होतीच. मी घरून ओला बोंबील शिजवून, काटे काढून, मिक्सरमधून फिरवून, दोनदा गाळून आणायचे आणि बाईंना विचारून नळीतून सोडायचे. सिस्टर नाक मुरडायच्या. तुम्हाला वास येत नव्हता, चव लागत नव्हती, तो बोंबील नाकातून थेट पोटात जायचा. मी सोडताना नळीकडे बघत बसायचे, तुमच्याकडे नाही. घड्याळ मनगटावर परत आलं. वाट हळूहळू बुजत गेली, छातीचं मांस काढायची वेळ आली नाही. बाई म्हणाल्या, 'नशीब आणि खाणं, दोन्ही.' मला त्यातला एकच शब्द ऐकू आला.

घरी आलात आणि आम्हाला प्रश्न पडला, आता हा माणूस हाक कशी मारणार. तुम्ही पडवीतल्या दोन करवंट्या घेतल्यात, काचेनं घासल्यात आणि एकमेकींवर आपटल्यात. टक. तो आवाज बागेच्या टोकापर्यंत गेला. आठवड्याभरात घराला तुमची भाषा आली. एकदा वाजलं की इकडे ये. तीनदा वाजलं की पाणी सोडा. आणि दोनदा, टक टक, म्हणजे असू दे. भात करपला, टक टक. ह्यांच्या हातून दुधाचं पातेलं सांडलं, टक टक. तुम्हाला आता बावखलात उतरता येणार नव्हतं, मानेतल्या भोकात पाणी गेलं तर जीव जाईल. दर वर्षी गाळ काढायला पहिली उडी मारणारे तुम्ही, त्या वर्षी काठावर उभे राहून करवंट्यांनी गडी हलवलेत, आणि मला हुंदका आला तेव्हा माझ्याकडे बघून टक टक.

मग ते बोलणं. हवा गिळायची आणि ढेकर देतात तशी वर काढून तिचे शब्द करायचे, हे तुम्हाला दवाखान्यात एका बाईंनी शिकवलं होतं. तीन महिने तुम्ही केळीत जाऊन एकटे ढेकरा देत होतात. आम्ही हसलोय त्यावर, खोटं का बोलू. आणि एका सकाळी सायकलवरचा पाववाला दारात थांबला, मी पातेलं घेऊन बाहेर येईपर्यंत तुम्ही पायरीवर उभे राहून म्हणालात, 'पाव. चार.' जाड, खोल, विहिरीतून आल्यासारखा आवाज. पाववाल्यानं सहा दिले. ह्यांनी पायरीवर बसकण मारली. इतक्या वर्षांत मी ह्यांना तसं रडताना बघितलं नव्हतं, आणि तुम्ही जास्तीचे दोन पाव परत करायच्या गडबडीत होतात.

त्यानंतर तुम्हाला कशाचंच भय उरलं नाही. मला पाचूबंदरची ती सकाळ आठवते. तुम्ही म्हणालात, 'बोंबील. आणू.' बसनं गेलो. बंदरावर लिलाव चालू, किल्ल्याच्या बाजूनं वारा, शंभर तोंडं एकदम बोलतायत. पूर्वी तिथे तुमची बोली सगळ्यांच्या वर ऐकू यायची. आता तुमचा तो विहिरीतला आवाज पहिल्या रांगेच्या पुढे जाईना. मला वाटलं, चला, परत जाऊ. तुम्ही पिशवीतून करवंट्या काढल्यात. बोली चढली की टक. परत चढली की टक. दोघीतिघी हसल्या, लिलाव करणारी दुसरीकडे बघायला लागली. तेव्हा ढिगाच्या पलीकडून आपली गोमती उभी राहिली.

'ए, थांबा गो. त्याचा गला कापलाय, अक्कल नाय कापली. ते वाजवतंय ना, ती बोली हाय. मोजा.'

मोजली. आणि टोपली तुम्हाला मिळाली. मी तुमच्या मागे उभी होते आणि मला धड रडताही येत नव्हतं, कारण टोपली माझ्याच डोक्यावर द्यायची होती.

घरी येऊन कालवण केलं. तुम्ही पहिला घास घेऊन थांबलात आणि विचारलंत, 'वास? कसा?' नाकातून श्वासच जात नव्हता तुमचा, वास कायमचा गेला होता. ज्याच्या नावावर मी वासाची थाप लावली, त्याचा वासच गेला. मी सांगायला लागले. आज आमसूल जरा जास्त पडलंय. लसणीचा करपट वास आहे, कडेला लागली थोडी. बोंबील ताजा आहे, म्हणजे वास फारसा नाहीच, ओल्या वाळूसारखा. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत आणि जेवलात. त्या दिवसापासून मी रोज तुम्हाला जेवणाचा वास सांगत आले. शेवटच्या दुपारी वालाच्या बिरड्याचा सांगितला होता.

त्या वाटीसमोर बसूनच मी एकदा सांगायला घेतलं होतं. 'भाऊजी, तेव्हा ती मासळी मी...' टक टक. पुढच्या वेळी पट्टीचं फडकं धुताना. टक टक. कितीदा तरी. मला राग यायचा. चूक माझी, माफी माझी, आणि ती मागूही द्यायची नाही म्हणजे काय. एकदा मी तुमच्या हातातून करवंट्या काढूनच घेतल्या आणि म्हटलं, आता ऐका. तर तुम्ही हवा गिळलीत, एकेक शब्द वर काढलात. 'शेक. मी. घेतला. बिडी. मी. ओढली. तू. नाही.'

'बिडी तुमची, पेज माझी,' मी म्हटलं. 'बाईंनी सगळी बोटं मोडली होती. त्यातली करंगळी माझी. ती तुम्ही नाही घ्यायची.'

तुम्ही हात पुढे केलात. मी करवंट्या परत दिल्या. टक टक.

आपलं भांडण तिथेच राहिलं. तुम्हाला खरंच वाटत होतं की माझी चूक नाही, की चूक आहे असं वाटत होतं पण दाखवायचं नव्हतं, हे मला आता कधीच कळणार नाही. बाईंनाही मी एकदा आडून विचारलं होतं, कशानं झालं नक्की. त्या म्हणाल्या, एका कारणानं कधीच होत नाही, शेकानंतर ज्यांनी पोटभर खाल्लं त्यांचाही टाका सुटतो कधी कधी. म्हणजे माझ्या पेजेनं झालं असंही नाही आणि नाही असंही नाही. देवानं शिक्षा दिली असती तर सोसली असती. हे अधांतरी ठेवणं फार कठीण आहे.

आता आज सकाळचं सांगते, त्यासाठीच कागद घेतलाय.

सुरेखा आली होती. तुम्हाला आठवेल, स्टेशनच्या बाजूच्या नव्या इमारतीतली, माहेर मालवणकडचं. तिच्या नवऱ्याचं तेच दुखणं, शेक झाला, परत आलं, स्वरयंत्र काढायचं ठरलं, आणि तो ऑपरेशनला तयार होईना. तुम्ही गेल्या महिन्यात त्याच्यापुढे जाऊन बसलात, फडकं वर करून भोक दाखवलंत आणि म्हणालात, 'पाव. चार.' तो हसला आणि तयार झाला. असे किती जणांकडे तुम्ही गेलात याचा हिशेब आम्हाला या अकरा दिवसांत लागतोय. माणसं येतात, गळ्यावर फडकं बांधलेली, ओटीवर बसतात, आणि त्यांच्यातला कुणी तुमच्यासारखी हवा गिळून म्हणतो, 'दादा. मोठा.' मी आत जाऊन पदर तोंडात धरते.

सुरेखा म्हणाली, 'पुढच्या महिन्यातली तारीख मिळाली, काकी. दादांमुळेच. मी पण माझ्याकडून कसर ठेवली नाही. ह्यांच्यासाठी नवस बोललेय. सुखरूप घरी येईपर्यंत घरात मच्छी-मटण बंद. ह्यांना सांगितलं नाही, डॉक्टरांनी नको म्हटलंय असं सांगितलं.'

हे समोर खाटेवर पेपर घेऊन बसले होते. माझी नजर आपोआप खुंटीकडे गेली. करवंट्या तिथे होत्या, सुतळीनं बांधलेल्या. मी थांबले, भाऊजी. खरंच थांबले, सवयीनं. मी हा विषय काढला की टक टक व्हायचं ना. पंखा फिरत होता. बाहेर पोफळीवर कावळा ओरडत होता. कुणी मला थांबवलं नाही.

मग मी सांगितलं. डोंगरावरच्या पायऱ्यांपासून सगळं. गोमतीला काय म्हटलं, काटा का काढला नाही, पाटीवर तुम्ही काय लिहिलंत आणि त्यातलं खरं काय होतं. हट्टी हरीदादा नव्हते, मी होते. ह्यांच्या हातातला पेपर तसाच उघडा राहिला होता. सुरेखा रडायला लागली, आणि माझी जीभ तुम्हाला माहीतच आहे, मी तिला रडूही दिलं नाही. म्हटलं, 'रडू नकोस, ऊठ. जाताना पापलेट घे, अंडी घे. आज त्यांना वजनाच्या काट्यावर उभं कर आणि कॅलेंडरवर लिही. दर सोमवारी लिही. आकडा उतरला तर मला नाही, डॉक्टरांना फोन कर. थायरॉईड तपासलंय का विचार.'

'पण बोललेय मी, काकी,' ती म्हणाली. 'मोडला आणि ह्यांना काही झालं तर?'

हा प्रश्न मला ओळखीचा होता. याच प्रश्नापायी मी तुम्हाला सव्वा महिना पेज पाजली. मी तिचा हात धरला आणि देव्हाऱ्यासमोर नेलं. तो लाल फडक्यातला नारळ अजून तिथेच आहे, आतून सुकून खडखडतो. म्हटलं, 'मोडू नकोस. तुझा नवस मला दे. मी घेतला असं देवाला सांग. तुझा माणूस सुखरूप घरी येईपर्यंत मी मासळी खाणार नाही. आपल्या पोटावर बोलावं ग. दुसऱ्याच्या नाही.'

तिनं सांगितलं. मीही सांगितलं. ती पदरानं डोळे पुसत बाजाराच्या दिशेनं गेली.

हे उठले, बावखलाकडे एक फेरी मारून आले, पाय धुतले. मग दारातूनच विचारलं, 'दादाला माहीत होतं?'

'पहिल्या दिवसापासून.'

'बरं,' ते म्हणाले, आणि भिंतीला टेकून बसले. थोड्या वेळानं म्हणाले, 'तेराव्यानंतर गोमतीला सांगून ठेव. ओला बोंबील आणायला.'

आणेल. मी शिजवीन, आमसूल बेतानं घालीन, तुमच्या फोटोपुढे वाटी ठेवून वासही सांगीन. हे जेवतील, येईल जाईल तो जेवेल. माझ्या ताटात वरणभात असेल. बोंबील मला तुमच्याइतकाच आवडतो, हे तुम्हाला माहीत आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

या वेळी करवंट्या वाजवू नका, भाऊजी.